शंभर न भरणारी बेरीज

दत्ताराम गेल्याची बातमी मला ज्या माणसाच्या तोंडून कळली, त्याच्या तोंडून ती कळायला नको होती. महाडच्या कोर्टात, बार रूममध्ये, मी नुकताच चहाचा कप हातात घेतला होता. समोर बसलेले वकीलसाहेब पेपरची घडी घालत म्हणाले, "सुधाताई, तुमचे ते शास्त्रज्ञ वारले म्हणे पुण्यात. हार्ट." नाव कशाला घेऊ, महाडात सगळ्यांना ठाऊक आहेत ते. वकीलसाहेबांनी वर जोडलं, "फार सरळ माणूस. असा साक्षीदार पुन्हा मिळायचा नाही." मी कप खाली ठेवला. याच गृहस्थांनी दत्तारामला पिंजऱ्यात उभं करून, त्याच्याच सरळपणाचा फास करून, त्याच्या सख्ख्या बहिणीचा दावा मातीत घातला होता. आणि आता तेच त्याला चांगुलपणाचं प्रमाणपत्र देत होते... मला जे बोलायचं होतं ते कोर्टाच्या आवारात बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून मी उठून बाहेर आले.

पुढे महाडात शोकसभा झाली. दत्तारामचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार, माइक, आणि पहिल्या रांगेत गावातली प्रतिष्ठित मंडळी. जिवंत असताना ज्यांनी त्याला लग्नाच्या पत्रिका पाठवणं बंद केलं होतं, त्यातलेही काही होते. कारखान्याचा एक अधिकारी बोलला. सत्यनिष्ठा हा शब्द त्याने इतक्यांदा उच्चारला की मी मोजायचं सोडून दिलं. त्याच्या बहिणीच्या वाडीतून एकही माणूस आला नव्हता. मला बोलायचा आग्रह झाला तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी सुटका करून घेतली. घसा ठणठणीत होता. तिथे जे बोलले नाही ते आता, सगळं जरा निवल्यावर, इथे लिहिते आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

दत्ताराम मूळचा कुडपणचा. पोलादपूर तालुक्यात, वर पठारावर. माझे वडील महाडात डॉक्टर होते, आणि डोंगरातली माणसं आजारी पडली की डोलीतून त्यांच्याकडे यायची. त्या ओळखीवर दत्तारामचे वडील एकदा नाचणीचं गाठोडं घेऊन आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "पोराला कालिजात घातलाय डाक्टर, डोकं टेकायला जागा द्या." तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत तो आमच्या माडीवर राहिला. मी त्याच्याच वयाची. आम्ही भांडलो इतकं की आई म्हणायची, सख्खी भावंडं बरी. मी वकिलीकडे गेले, तो पदार्थविज्ञानाकडे, पण भांडणाचा विषय बदलला नाही. मला कुणाची तरी बाजू घेतल्याशिवाय चैन पडत नसे आणि त्याला बाजू घेणं म्हणजे काय हेच कळत नसे.

आमच्या आईने एकदा त्याला बाजारात साखर आणायला पाठवलं. तासभर झाला तरी स्वारी परत नाही. मी बघायला गेले तर दुकानात ही गर्दी, आणि हा पठ्ठ्या दुकानदाराला शांतपणे सांगतोय की साखर या पारड्यातून त्या पारड्यात घाला आणि वजनं इकडे ठेवा. दुकानदार लालबुंद. "अरे, माझ्या तराजूवर संशय घेतोस?" दत्ता म्हणाला, "तुमच्यावर नाही शेठ, तराजूवर. तराजूला राग येत नाही." पारडी बदलली तर काटा चक्क झुकला, पण दुकानदाराच्याच नुकसानीकडे. तो गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना जास्त माल देत होता. माणसाने खूश व्हावं की नाही? तो मात्र भर दुकानात उघडा पडल्यासारखा ओशाळला आणि पुढे कधी दत्तारामला धड साखर दिली नाही. वडील हसून लोळले. मी दत्ताला तेव्हाच म्हटलं होतं, तू अशाने मार खाशील. तो म्हणाला, "काटा सरळ झाला ना पण?"

पुढे तो पुण्याला गेला, डॉक्टरेट झाला, आणि एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर कामाला लागला. त्याची आई तेव्हा हयात होती. तिला कुणीतरी सांगितलं की दत्तू मोठ्या यंत्रातून धूळ बघतो. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "येवढा शिकून धूळ बघतो? धूळ काय कुडपनात कमी हाय?" ही गोष्ट दत्ता स्वतःच रंगवून सांगायचा. पण काम खरोखर धुळीचंच होतं. इलेक्ट्रॉनचा झोत कणावर मारला की त्या कणातून क्ष-किरण बाहेर पडतात. प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण वेगळ्या ऊर्जेचे, म्हणून ते मोजले की कणात लोखंड आहे, गंधक आहे की आणखी काही, आणि किती, हे समजतं. ऐकायला सोपं. दत्ताचं सगळं आयुष्य त्यातल्या 'किती' या शब्दात गेलं. कण घासून सपाट केलेला नसतो, ओबडधोबड असतो. त्याच्या पोटातून निघालेला किरण बाहेर येता येता वाटेतच थोडा गिळला जातो, आणि किती गिळला गेला ते कणाच्या आकारावर ठरतं. सोडियमसारखं द्रव्य तर झोत पडताच जागचं हलतं. मोजायला घेतलं की कमी व्हायला लागतं. "मोजता मोजता मोजायची वस्तूच बदलते, सुधे," तो म्हणायचा. म्हणून आधी ज्याचं प्रमाण पक्कं माहीत आहे असा तुकडा मोजायचा, मग अनोळखी, मग परत ओळखीचा. मधल्या वेळात यंत्र सरकलं तर नाही ना हे बघायला. दिवसच्या दिवस तो हेच करायचा. आंबेनळीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेला दगडसुद्धा त्याने पिशवीत घालून नेला होता, सरावाला.

त्याचा खरा राग होता तो शंभराच्या आकड्यावर. यंत्राबरोबर येणारा संगणक सगळ्या मूलद्रव्यांची टक्केवारी काढून बेरीज बरोबर शंभर करून देतो. कमी भरली तर ताणून, जास्त भरली तर दाबून. कागद कसा सुबक दिसतो. दत्ताचं म्हणणं, ती बेरीज न ताणता लिहा. ब्याण्णव आली तर ब्याण्णव लिहा. उरलेले आठ कुठे गेले हा प्रश्न तरी वाचणाऱ्याला पडू दे. यावरून संस्थेत त्याचे वाद झाले. नमुने घेऊन येणाऱ्या कंपन्यांना अपुरी बेरीज नको असायची. वरिष्ठ म्हणायचे, शेलक्या शब्दांत, की दत्ताराम तुम्ही फार ताणता. त्याला बढती उशिरा मिळाली आणि ती मिळाल्याचं त्याने मला कळवलंही नाही.

आता बहिणीकडे येते. अनुसया, त्याची थोरली. त्याला पाठीवर घेऊन वाढवलेली. कुडपणहून खाली पोलादपूरच्या शाळेत त्याला सोडायला तीच उतरायची आणि परत एकटी चढायची. तिचं सासर महाडजवळ, औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला एका वाडीत. दत्ता पुण्यात कितीही मोठा झाला तरी भाऊबीजेला अनुतायच्या पाटावर बसल्याशिवाय त्याची दिवाळी होत नसे. अगदी बाहेरदेशातलं एक बोलावणं त्याने त्यापायी पुढे ढकललेलं मला माहीत आहे. वाडीच्या कडेने एक ओहोळ वाहतो आणि ओहोळाला लागून विहीर. नव्वदच्या दशकात वर कारखाने वाढले तसं त्या ओहोळाचं पाणी रंग बदलायला लागलं. कधी पिवळट, कधी तांबूस. म्हशी गाभडल्या. माणसांच्या अंगाला खाज. अनुतायच्या सुनेचं पोट राहीना, राहिलं तर टिकेना. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि खांदे उडवले. अनुताय माझ्या ऑफिसात येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या घरात पाळना हलूदे येवढंच हाय माझं मागनं. ते पानी बंद कर गो." मी दावा दाखल केला. एक पैसा फी घेतली नाही, आणि हे मी मिरवायला सांगत नाही. त्या बाईच्या तोंडाकडे बघून कुणीही घेतली नसती.

पुरावा हवा होता. ओहोळ उन्हाळ्यात आटला की दगडांवर पिवळसर-करडी खपली धरायची. वाडीतल्या एकाचा भाऊ मुंबईत नोकरीला. त्याने ती खपली डबीत भरून मुंबईच्या एका खाजगी प्रयोगशाळेत नेली. तिथेही दत्ताच्या यंत्राचाच धाकटा भाऊ होता. निकाल आला : शिसं. आलेख, टक्केवारी, बेरीज बरोबर शंभर. वाडीत तो शब्द वाऱ्यासारखा पसरला. ज्यांनी जन्मात शिसं पाहिलं नव्हतं त्या बायका विहिरीवर म्हणू लागल्या, "आमच्या पोटात शिसा हाय." गेली काही वर्षं त्यांना सगळे जण वहमी म्हणत होते. आता त्यांच्या दुखण्याला नाव मिळालं होतं. मी दाव्यात शिसं लिहिलं, ठळक. आणि वाटलं, आपल्या घरातच एवढा मोठा तज्ज्ञ आहे, त्याचा दुजोरा जोडला की काम फत्ते.

दत्ता माझ्या घरी आला. मी आलेख समोर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला... मग म्हणाला, "झोताचं व्होल्टेज किती ठेवलं होतं?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्याने कोपऱ्यात बारीक छापलेला आकडा दाखवला आणि सुस्कारा टाकला. गंधकाची आणि शिशाची एक-एक रेषा जवळजवळ एकाच ठिकाणी येते. आलेखात एकच उंचवटा दिसतो. यंत्र त्याला आपल्या मनाने एक नाव सुचवतं, आणि समोरचा माणूस मान डोलावतो. शिसं असेल तर त्याची आणखी एक रेषा पार पुढे, जास्त ऊर्जेवर दिसायला हवी. पण ती उठायला झोत जोरकस लागतो, आणि मुंबईवाल्यांनी तो इतका कमी ठेवला होता की ती रेषा असती तरी दिसली नसती. "म्हणजे शिसं नाही?" मी विचारलं. "म्हणजे ठाऊक नाही," तो म्हणाला. "बघावं लागेल."

मी स्वतः खपली घेऊन पुण्याला गेले. त्याची खोली थंडगार, दिवे मंद, यंत्राला द्रवरूप नायट्रोजन पाजणारी टाकी, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत बसलेला दत्ता. आधी ओळखीचा तुकडा. मग खपली. मग परत ओळखीचा. मी कंटाळून खुर्चीत पेंगले. दुपार कलली तेव्हा त्याने मला हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवलं. झोत पुरेसा वाढवूनही पुढच्या जागी काही नव्हतं. सपाट. गंधक होतं, सोडियम होतं, ऑक्सिजन, थोडं कॅल्शियम. शिसं नव्हतंच. "आणि बेरीज बघ," तो म्हणाला, "शंभर भरत नाही. बरीच कमी आहे. काहीतरी आहे, जे माझ्या यंत्राला दिसत नाही." मी विचारलं, काय? तो म्हणाला, रंगाच्या कारखान्यातलं एखादं सेंद्रिय द्रव्य असू शकेल. पण हे यंत्र मूलद्रव्य सांगतं, त्यांचं मिळून काय झालंय ते सांगत नाही. शिवाय नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो, तेव्हा जे उडून जाणारं असतं ते मोजायच्या आधीच उडून जातं. वाडीतलं विष उडून जाणारंच असावं असा त्याचा कयास होता. त्यासाठी ताजं पाणी, वेगळी तपासणी, वेगळी प्रयोगशाळा हवी.

मी त्याला तिथेच सांगितलं, तू हे कुठेही बोलू नकोस. दुजोरा देऊ नकोस, ठीक आहे, पण गप्प राहा. मुंबईचा कागद आहे, त्यावर मी लढते. ओहोळात विष आहे हे तुलाही कळतंय, मलाही कळतंय. त्या विषाला शिसं म्हटलं काय आणि आणखी काही म्हटलं काय, बायकांचे गर्भ तर पडतायत ना? तो म्हणाला, "कुणी विचारलं नाही तर मी बोलणार नाही." मला तेवढं पुरेसं वाटलं. वकील असून मी अशी कशी भुलले, असं कुणी म्हणेल. पण तो खोटं बोलत नव्हता. कुणी विचारेपर्यंत तो खरंच गप्प राहिला असता.

पण या माणसाने काय केलं असेल? पुढच्याच आठवड्यात हा मुंबईला त्या प्रयोगशाळेत गेला. स्वतःच्या खर्चाने. दाव्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिथल्या मुलांना एवढंच म्हणाला, की तुमच्या यंत्रावर गंधक आणि शिशाची गल्लत होते आहे, ती कशी टाळायची ते दाखवतो. का? तर ती मुलं अशाच चुका रोज करत राहतील आणि उद्या कुणाला तरी खोटा निकाल मिळेल, म्हणून. त्याच्या दृष्टीने ही माझ्या खटल्याशी संबंध नसलेली, वेगळी गोष्ट होती. मुलं खूश झाली, त्याला जेवू घातलं, पाया पडली. आणि मग इमानेइतबारे त्यांनी आपले जुने निकाल काढून तपासले, आमचा, कोर्टात जोडायला म्हणून दिलेला, निकाल चुकल्याचं कोर्टाला कळवलं, आणि सुधारणा कुणी करून दाखवली त्याचंही नाव, कृतज्ञतेने, घातलं. विरुद्ध बाजूच्या वकीलसाहेबांनी लगेच दत्तारामला साक्षीला बोलावलं. मी फोनवर त्याच्या अंगावर ओरडले. तो एवढंच म्हणाला, "सुधे, तराजू वाकडा होता." मी फोन आपटला. आजही सांगते, त्याने मुंबईला जायला नको होतं. लोक काहीही म्हणोत, यात मी तसूभर हलणार नाही.

साक्षीच्या दिवशी वाडी सगळी आली होती. अनुताय पुढच्या बाकावर, सून शेजारी. भावाला पिंजऱ्यात बघून तिने डोक्यावरचा पदर नीट केला, जशी भाऊबीजेला करायची. वकीलसाहेबांनी विचारलं, या नमुन्यात शिसं आहे का? दत्ता म्हणाला, "नाही. परंतु..." साहेब म्हणाले, परंतु नको, हो किंवा नाही. "नाही." तुमच्या यंत्राला दुसरं कुठलं विषारी मूलद्रव्य सापडलं का? "नाही. पण बेरीज शंभर भरत नाही, आणि जे..." डॉक्टरसाहेब, सापडलं का? "नाही." मग उलटतपासणीत मी उठले आणि त्याला बोलायला लावलं. तो बोललाही. झोत, पोकळी, उडून जाणारी द्रव्यं, न भरणारी बेरीज. न्यायाधीश सज्जन होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की ते फक्त एक शब्द घेऊन उठणार आहेत. तिकडे ओहोळही साक्षीपुरता शहाणा झाला होता. दावा चालू असेतो वरच्या कारखान्यांतून सांडपाण्याचे टँकर भरून दुसरीकडे जाऊ लागले, आणि आम्ही नव्या तपासणीसाठी पाणी नेलं तेव्हा ते काचेसारखं स्वच्छ होतं. दावा फेटाळला गेला. त्यानंतर पाणी पुन्हा पिवळं झालं ते सांगायला नको.

साक्ष संपल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवर अनुतायने त्याला गाठलं. मी मागे होते. ती म्हणाली, "दत्तू, सगल्यांम्होरं तू नाय म्हनालास." तो म्हणाला, "ताय, शिसं नाय हाय त्यात." पुण्यात वीस-पंचवीस वर्षं काढूनही तिच्याशी तो कुडपणचंच बोलायचा. "मग काय हाय?" "ते मला नाय दिसत." तिने सुनेकडे बोट केलं. "तुला दिसत नाय म्हनून माझी सून खोटी?" तो म्हणाला, नाय ग ताय, मी तसं नाय म्हनलो. पण तिने पाठ फिरवली होती. तो मागून काहीतरी बोलत राहिला, ते मला नीट ऐकू आलं नाही. वाडीच्या बायका तिला धरून घेऊन गेल्या आणि त्यातली एक माझ्या देखत रस्त्यावर थुंकली.

पुढच्या भाऊबीजेला दत्ता वाडीवर गेला. दार लावलेलं होतं. तो पडवीत बसून राहिला आणि शेवटची एसटी धरून परत गेला. त्यानंतरच्या वर्षीही गेला. मग माझ्याकडे यायला लागला. मी त्याला ओवाळायची, पण ते ओवाळणं म्हणजे निव्वळ सोपस्कार होता हे दोघांनाही कळत होतं. मी त्याच्यावर रागावलेली, आणि तो पाटावर बसून भिंतीकडे बघतोय. कुडपणलाही त्याचं जाणं संपलं. भावकीतला एक जण तोंडावर म्हणाला, "कंपनीनं काय दिलं रे तुला?" दत्ता तिथून उठून आला. मला म्हणाला, "यांना वाटतं मी विकला गेलो. विकला गेलो असतो तर निदान का केलं ते त्यांना समजलं तरी असतं." त्याने अधूनमधून चार ठिकाणी खटपट केली, पाणी तपासून देणारं कुणी मिळतंय का म्हणून. कुणी नमुना सरकारी मार्गाने आणा म्हणालं, कुणी फोन घेईनासं झालं. आणि ते सगळं करताना आपलं नेहमीचं कामही तो तितक्याच तब्येतीने करत राहिला. ओळखीचा तुकडा, अनोळखी, परत ओळखीचा. याचाच मला जास्त संताप यायचा. इतकं होऊनही त्याला त्या यंत्राचा वीट कसा आला नाही? एकदा विचारलं तर म्हणाला, "यंत्राने काय केलंय सुधे? यंत्र म्हणालं होतं की बेरीज भरत नाही. ऐकलं कुणी नाही."

अंत्यविधीला पुण्यात मी गेले होते. संस्थेतली माणसं होती, त्याने शिकवलेली मुलं होती. लग्न त्याने केलं नव्हतं. रक्ताचं म्हणावं असं कुणी नव्हतं. वाडीवर निरोप पाठवला होता, तिकडून कुणी आलं नाही. शोकसभेलाही नाही. तेव्हा मी ठरवलं की आपणच जायचं. खरं सांगते, भांडायला निघाले होते. मला अनुतायला विचारायचं होतं, मेल्यावरसुद्धा तुझा राग जात नाही?

ती पडवीत वाल सोलत बसली होती. सुकली होती खूप. "आलीस गो," म्हणाली आणि सूप बाजूला सरकवलं. सून आतून पाणी घेऊन आली. बाटलीबंद, विकतचं. घरात लहान मूल नव्हतं. मी भांडणाचं सगळं विसरले. मी सुपातले वाल सोलायला घेतले, तेव्हा अनुताय आपण होऊन म्हणाली, "तो खरं बोलला ते तवाच ठावं होतं मला. मी त्याला पाठीवर घेऊन फिरवलाय, खोटा बोलला की त्याचे कान लाल होत. त्या दिवशी नाय झाले." मग सूप पुढ्यात ओढत, "पन मला वाटत होतं गो, एक डाव माझ्यासाठी ते लाल व्हावेत."

ती उठली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या ओच्यात बाटल्या होत्या. सरबताची, औषधाची, कोल्ड्रिंकची प्लास्टिकची, सलाईनची रिकामी झालेली. कुणाला बूच, कुणाला चिंधीचा बोळा, आणि आत विहिरीचं पाणी, कमीअधिक उतरलेलं. ती बाटल्या पडवीत ओळीने मांडत गेली. "कोर्टाच्या पायरीवर मी पाठ फिरवली तवा मागनं बोलत होता ना, ते मी आयकलं. म्हनत होता, ताय, पानी भरून ठेव, कधीतरी दुसरं यंत्र येईल, त्यात दिसंल. मी वळले नाय. पन दर भाऊबीजेला एक बाटली भरली. पयली दोन वर्सं तो बाहेर बसलेला असायचा, मी मागच्या दारानं जाऊन भरायची." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली हायस. आता ह्या कोनाला द्यायच्या? दिसंल ना गो ह्यात?"

दत्ता असता तर काय म्हणाला असता ते मला ठाऊक होतं. तोंडापर्यंत न भरलेली बाटली, चिंधीचा बोळा, वर्षानुवर्षं घरातली ऊब. जे उडून जाणारं होतं ते केव्हाच उडून गेलं होतं. त्या बाटल्यांत आता शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्याने ते तिला, तिच्या तोंडावर, तिच्याच भाषेत सांगितलं असतं.

"दिसेल," मी म्हटलं.

तिने त्या बाटल्या एका गोणपाटात गुंडाळून, आपटू नको म्हणून बजावत, माझ्या गाडीत ठेवल्या. आता त्या माझ्या ऑफिसात कपाटावर आहेत. बाजाराच्या दिवशी वाडीतलं कुणी ना कुणी महाडात येतं आणि अनुतायचा निरोप देतं, आलं का पाण्याचं उत्तर. मी सांगते, पुण्याला पाठवलंय, वेळ लागतो.